यादी करणारे पुष्कळ, राखणारे कोण?

लातूर, नांदेड किंवा बीडहून स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात आलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी एक यादी पाठवतं. सदाशिव, नारायण आणि नवी पेठेतल्या अभ्यासिका, महिन्याच्या मेस, कॉट बेसिसवर मिळणाऱ्या खोल्या, डिपॉझिट, संपर्काचे नंबर असं सगळं त्यात असतं. यादी कोणा एकाची नसते. आधीच्या बॅचच्या मुलांनी भर घालत ती वाढवलेली असते. फोन लावायला घेतले की तिची खरी स्थिती कळते. एक मेस बंद झालेली असते, एका खोलीचं भाडं दीडपट झालेलं असतं, एक नंबर भलत्याच माणसाकडे लागतो. यादीवर तारीख नसल्यामुळे कुठली ओळ गेल्या महिन्यातली आणि कुठली चार वर्षांपूर्वीची, हे ओळखायला मार्ग नसतो.

लोकांनी लोकांसाठी केलेल्या अशा याद्यांवर आज शहराचा बराच व्यवहार चालतो. नकाशावरची दुकानं आणि दवाखाने, रक्तदात्यांचे गट, सार्वजनिक स्वच्छतागृहं, बसचे थांबे, पक्ष्यांच्या नोंदी, विकिपीडियावरचे लेख ही सगळी त्याचीच रूपं आहेत. अशा याद्या उभ्या करणं आपल्याला चांगलं जमतं. एक आवाहन केलं की दोन दिवसांत शेकडो ओळी जमा होतात. त्या ओळी पुढच्या वर्षीही खऱ्या राहाव्यात यासाठी काय करायचं, हा प्रश्न मात्र बहुतेक ठिकाणी अनुत्तरित राहिला आहे. त्यावर जगात आणि आपल्याकडे काय काय करून पाहिलं गेलं, त्यातून काय शिकण्यासारखं आहे, याचा हा आढावा. माझं म्हणणं आधीच मांडतो. भर घालणारे हात वाढले म्हणून यादी खरी होत नाही. प्रत्येक ओळीची शेवटची खात्री कधी झाली ते दिसलं पाहिजे आणि कालबाह्य ओळ काढण्याची जबाबदारी कोणाकडे तरी असली पाहिजे. यादीचा खरेपणा या दोन गोष्टींवर उभा असतो.

शहर थांबत नाही

पुण्यासारख्या शहरात ही गरज अधिक तीव्र आहे, कारण इथे जमिनीवरच्या खुणाच भराभर बदलतात. शिवाजीनगरचं एसटी स्थानक मेट्रोच्या कामासाठी २०१९ संपता संपता वाकडेवाडीला हललं. २०२०मध्ये विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल पाडला गेला. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२च्या मध्यरात्रीनंतर स्फोटकांनी उडवला आणि तिथला नवा पूल १२ ऑगस्ट २०२३ला खुला झाला. मेट्रो ६ मार्च २०२२ला वनाज ते गरवारे महाविद्यालय आणि पिंपरी ते फुगेवाडी अशा दोन तुकड्यांत सुरू झाली, टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि २९ सप्टेंबर २०२४ला भुयारातून स्वारगेटपर्यंत पोहोचली. शहराची हद्दही स्थिर नाही. २०१७मध्ये ११ गावं महापालिकेत आली, २०२१च्या जूनअखेर आणखी २३ आली आणि पुढे फुरसुंगी व उरुळी देवाची ही दोन गावं पुन्हा वेगळी काढण्यात आली. महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. तरी प्रभागाप्रभागांतल्या गटांवर 'आपले नगरसेवक' म्हणून जुनीच नावं आणि नंबर फिरत राहिले.

यात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. एकाच ओळीत वेगवेगळ्या आयुष्याच्या गोष्टी बसलेल्या असतात. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर लेणं आठव्या शतकाच्या सुमारापासून तिथे आहे, त्यामुळे त्याची जागा पुन्हा पुन्हा तपासण्याचं कारण नाही. ते उघडण्याची वेळ मात्र एका आदेशाने बदलू शकते. एखाद्या मेसच्या नोंदीत पत्ता चार वर्षं टिकतो, चालकाचा नंबर दोन वर्षं, दर सहा महिने आणि सुट्टीचा दिवस त्याहून कमी. दवाखान्यातली रिकामी खाट तर तासभरही टिकत नाही. या सगळ्यांना एकच माप लावलं की टिकाऊ माहितीवर श्रम वाया जातात आणि नाशवंत माहिती तशीच पडून राहते. यादी राखण्याचं पहिलं काम म्हणजे तिच्यातल्या प्रत्येक रकान्याचं आयुर्मान ठरवणं.

एप्रिल २०२१

रकान्याचं आयुष्य तासांत मोजायची वेळ आली तर काय होतं, हे पुण्याने करोनाच्या दुसऱ्या लाटेत अनुभवलं. पुणे विभागात खाटांची माहिती देणारा सरकारी डॅशबोर्ड होता. साधी खाट, ऑक्सिजनची, आयसीयूतली, व्हेंटिलेटरची असे रकाने आणि रुग्णालयनिहाय आकडे त्यावर दिसत. आकडे रुग्णालयांकडून येत. ज्या वॉर्डात नर्सला पाणी प्यायची सवड नव्हती, तिथे संगणकावर आकडा बदलायला कोण बसणार होतं? शिवाय रिकामी झालेली खाट बाहेर थांबलेल्या रुग्णाला लगेच दिली जाई. पडद्यावर ती रिकामीच दिसे आणि तिच्या भरवशावर हडपसरहून कोथरूडपर्यंत रुग्णवाहिका येई.

मे २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठापुढे सुनावणी चालू असतानाच पुणे महापालिकेच्या हेल्पलाइनला फोन लावून पाहण्यात आला. व्हेंटिलेटरची खाट उपलब्ध नाही, असं उत्तर मिळालं. त्याच वेळी डॅशबोर्डवर अशा खाटा शिल्लक दिसत होत्या. एकाच यंत्रणेच्या दोन तोंडांनी दिलेली दोन उत्तरं न्यायालयाने प्रत्यक्ष ऐकली.

सरकारी यादीच्या जोडीने त्या दिवसांत लोकांनी केलेल्या याद्याही धावत होत्या. ऑक्सिजन सिलिंडर भरून देणारे, प्लाझ्मा देणारे, रेमडेसिविर मिळण्याची ठिकाणं, घरपोच डबे देणाऱ्या ताई. एकेक यादी शेकडो गटांत पोहोचायची आणि पोहोचल्या क्षणापासून शिळी व्हायला लागायची. दहाव्या गटात पोहोचेपर्यंत सिलिंडर संपलेले असत, पण यादी फिरतच राही. सिलिंडर संपलेल्या दुकानदाराला रात्री दोन वाजता शंभरावा फोन येई. शेवटी तो फोन बंद करून ठेवी. मग दुसऱ्या दिवशी माल आला तरी ते कोणाला कळत नसे. चुकीची नोंद शोधणाऱ्याचा वेळ घेतेच, पण ज्याची नोंद आहे त्यालाही निकामी करते, हे तेव्हा दिसलं.

याच गोंधळात काही गटांनी एक साधी शिस्त लावली. फोन करून खात्री केल्याशिवाय ओळ पुढे पाठवायची नाही आणि पाठवताना शेवटी वेळ लिहायची, 'खात्री केली, दुपारी ४.३०'. काही तास उलटले की ती ओळ पुन्हा तपासायची किंवा काढून टाकायची. तरुण मुलामुलींनी पाळ्या लावून रात्रंदिवस हे फोन केले. त्यांच्या याद्या लहान होत्या. पाचशे नंबरांच्या यादीऐवजी त्यांच्याकडे पंधरा नंबर असत, पण ते लागत आणि पलीकडे माल असे. ३० एप्रिल २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने, समाजमाध्यमांवर मदत मागणाऱ्या नागरिकांवर कारवाई करू नये, असं राज्यांना बजावलं. लोकांच्या त्या धडपडीचं मोल न्यायालयानेही ओळखलं होतं. मला त्या काळातून मिळालेला सर्वात मोठा धडा 'खात्री केली, दुपारी ४.३०' या चार शब्दांच्या शेपटीत आहे. नोंदीसोबत तिची वेळ आली की वाचणाऱ्याला निर्णय घेता येतो. वेळ नसेल तर त्याला विश्वास ठेवण्याखेरीज पर्यायच उरत नाही.

खात्रीची तारीख

हीच शिस्त जगातल्या टिकून राहिलेल्या लोकनिर्मित याद्यांत वेगवेगळ्या रूपांत सापडते. 'ओपनस्ट्रीटमॅप' हा २००४मध्ये ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला मुक्त नकाशा. कोणीही त्यात भर घालू शकतो. पुण्याच्या गल्लीबोळांतल्या कितीतरी गोष्टी अशा हौशी माणसांनीच त्यावर नोंदवल्या आहेत. प्रत्येक बदल कोणत्या खात्यावरून आणि कधी झाला, याचा इतिहास तिथे कायम राहतो. त्याहून महत्त्वाची सोय म्हणजे नोंदीत काहीही बदल नसला तरी 'अमुक तारखेला पाहिलं, आहे तसंच आहे' एवढंच नोंदवता येतं. 'स्ट्रीटकम्प्लीट' नावाचं मोबाइल ॲप तर रस्त्याने चालताना स्वतःच विचारतं. हे दुकान अजून इथे आहे का? याच्या वेळा काय आहेत? उत्तर मिळालं की प्रश्न गप्प बसतो आणि ठरावीक काळ गेला की पुन्हा डोकं वर काढतो. नवीन भर घालण्याइतकंच जुन्याला दुजोरा देणंही इथे काम मानलं आहे. आपल्या व्हॉट्सॲपवरच्या याद्यांत नेमकी हीच जागा नसते. 'आहे तसंच आहे' असं सांगायला तिथे कोणी येत नाही.

सार्वजनिक वाहतुकीच्या वेळापत्रकांसाठी २००५मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडची ट्रायमेट ही संस्था आणि गुगल यांनी मिळून माहितीचा एक साचा तयार केला. आज जगभर तो वापरला जातो. या साच्यात बसच्या प्रत्येक वेळापत्रकाला सुरुवातीची आणि शेवटाची तारीख द्यावीच लागते. मुदत संपली की ते वेळापत्रक आपोआप गैरलागू ठरतं. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा एकत्र होऊन २००७मध्ये पीएमपीएमएल झाली, तेव्हापासून मार्ग सतत बदलत, तुटत, जोडले जात आले आहेत. २०२४मध्ये तिचं स्वतःचं ॲप आलं, ही चांगलीच गोष्ट झाली. पण थांब्यावरच्या जुन्या पाट्या आणि गटांत फिरणारे मार्गांचे फोटो यांना मुदत नसते, त्यामुळे ते बंद झालेल्या बसचीही वाट पाहायला लावतात.

बसच्या निमित्ताने आणखी एक भेद स्पष्ट होतो. गणेशोत्सवात लक्ष्मी रस्ता, शिवाजी रस्ता, बाजीराव रस्ता वाहनांना बंद होतात आणि बस दुसरीकडून वळवल्या जातात. एखादा उत्साही माणूस तेवढ्यावरून नकाशात रस्ताच बंद करून टाकतो. दहा दिवसांनी रस्ता उघडतो आणि नकाशातला तसाच राहतो. म्हणून तात्पुरते बदल मूळ नोंदीत करू नयेत, त्यांची वेगळी, आपोआप संपणारी सूचना असावी, हा संकेत अनुभवी नकाशाकार पाळतात.

तिसरं उदाहरण पक्षीनिरीक्षकांचं. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेने २००२मध्ये 'ईबर्ड' सुरू केलं. पाषाण तलाव, कवडीपाट, येरवड्याजवळचं मुळा-मुठा पक्षी अभयारण्य इथे पहाटे दुर्बीण घेऊन जाणारे पुणेकर त्यावर नियमित नोंदी करतात. नोंद देताना वेळ, चाललेलं अंतर, मोजलेली संख्या हे सगळं विचारलं जातं आणि शेवटी एक प्रश्न येतो : तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही नोंदवले आहेत का? 'हो' म्हटलं की त्या यादीत नसलेल्या पक्ष्यालाही अर्थ येतो. तो त्या दिवशी दिसला नाही, हीदेखील माहिती ठरते. शंभर निरीक्षकांना सलग काही हिवाळे एखादं बदक दिसलं नाही, तर त्याचं कमी होणं या नकारांतूनच सिद्ध होतं. अनपेक्षित नोंद आली तर त्या भागातला जाणकार स्वयंसेवक फोटो मागतो, विचारपूस करतो. आपल्या रोजच्या याद्यांनी ईबर्डकडून हे घेण्यासारखं आहे. 'गेलो होतो, दिसलं नाही' हे सांगायला जागा ठेवली पाहिजे.

ओळ काढणं अवघड का असतं

भर घालणाऱ्याला धन्यवाद मिळतात, काढणाऱ्याला प्रश्न विचारले जातात. शिवाय काढण्यात धोका खरा असतो. बंद आहे समजून चालू दुकानाची नोंद काढली तर एखाद्याच्या पोटावर पाय येतो. नकाशांवर स्पर्धकाचं दुकान 'कायमचं बंद' दाखवण्याचे प्रकार जगभर होत आले आहेत.

या बाबतीत आपल्या देशातल्या सर्वात मोठ्या याद्यांपैकी एक असलेली मतदार यादी पुष्कळ शिकवते. तीही नागरिकांनी दिलेल्या माहितीवरच चालते. नाव घालण्यासाठी नमुना ६, नाव वगळण्यासाठी किंवा हरकतीसाठी नमुना ७, दुरुस्तीसाठी नमुना ८. घालणं, काढणं आणि बदलणं यांच्या वाटा वेगळ्या आहेत. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी दारावर येऊन पाहतो, प्रारूप यादी लावली जाते, दावे आणि हरकती मागवल्या जातात. १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार नाव वगळण्यापूर्वी त्या माणसाला म्हणणं मांडण्याची संधी द्यावी लागते. एवढं असूनही मतदानाच्या दिवशी नाव गायब झाल्याच्या तक्रारी येतात आणि मृतांची नावंही यादीत सापडतात. म्हणजे कायदा, कर्मचारी आणि ठरलेली पद्धत असूनही हे काम कठीणच आहे. मग ज्या यादीला यातलं काहीच नाही, तिच्याकडून ती आपोआप शुद्ध राहील अशी अपेक्षा कशी करायची?

मधला एक मार्ग आहे आणि तो मला सर्वात व्यवहार्य वाटतो. ओळ पुसायची नाही, खोडायची. 'बंद आहे असं दोघांनी सांगितलं, अमुक तारीख' अशी खूण करून ती यादीच्या शेवटी न्यायची. चूक झाली असेल तर मागे फिरता येतं. दुसरा फायदा असा की बंद पडलेली जागा कोणी नव्या उत्साहाने पुन्हा यादीत घालत नाही, कारण तिचं काय झालं ते तिथेच लिहिलेलं असतं. विकिपीडियाचा सगळा डोलारा याच तत्त्वावर उभा आहे. १ मे २००३पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियातही प्रत्येक पानाचा इतिहास उघडून पाहता येतो आणि आधीची आवृत्ती परत आणता येते.

काढण्यापेक्षा घातक प्रकार म्हणजे हेतुपुरस्सर खोटी दुरुस्ती. २०१८मध्ये गुगल मॅप्सवर बँक ऑफ इंडियाच्या शाखांच्या नोंदींत भामट्यांनी स्वतःचे मोबाइल नंबर घातले. बँकेत फोन लावला असं समजून ग्राहक थेट भामट्यांशी बोलत होते आणि कार्डाची माहिती देऊन बसत होते. महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांपर्यंत हे प्रकरण गेलं. यातून दिसतं की सगळ्या रकान्यांना सारखं उघडं ठेवणं बरोबर नाही. दुकानाची वेळ कोणीही बदलली तर फारसं बिघडत नाही. बँकेचा, दवाखान्याचा किंवा रक्तपेढीचा नंबर बदलायचा असेल तर दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय तो लागू होऊ नये.

पडताळता येईल अशीच नोंद

लोकांनी सांभाळलेल्या याद्यांचं एक नमुनेदार उदाहरण आपल्यापासून फार दूर, लास व्हेगसमध्ये सापडतं. तिथल्या कॅसिनोंत 'व्हिडिओ पोकर'ची यंत्रं असतात. कोणत्या हाताला किती पैसे मिळणार याचा तक्ता यंत्राच्या पडद्यावरच लिहिलेला असतो. 'जॅक्स ऑर बेटर' या प्रकारात फुल हाउसला ९ आणि फ्लशला ६ पट मिळत असतील तर अचूक खेळणाऱ्याला दीर्घकाळात लावलेल्या पैशांपैकी ९९.५४ टक्के परत मिळतात. तेच आकडे ८ आणि ५ केले की परतावा ९७.३० टक्क्यांवर येतो. यंत्र तेच, रंग तोच, बदल दोन आकड्यांचा. कॅसिनो हे तक्ते गाजावाजा न करता बदलतात, म्हणून खेळणाऱ्यांनी कुठल्या मजल्यावर कुठलं यंत्र कोणत्या तक्त्यावर आहे याच्या याद्या वर्षानुवर्षं एकमेकांसाठी राखल्या. महाराष्ट्रात जुगाराला परवानगी नाही आणि १९७६चा कधीच अमलात न आलेला कॅसिनो कायदाही २०२३मध्ये रद्द झाला. त्यामुळे तो खेळ आपल्या कामाचा नाही, पण त्या याद्यांची रीत आहे. 'इथली यंत्रं चांगली आहेत' असं तिथे चालत नाही. तक्त्यातले आकडे, जागा आणि पाहिल्याची तारीख लागते. नोंद इतकी नेमकी असते की दुसरा कोणीही यंत्रापुढे उभा राहून अर्ध्या मिनिटात ती खरी की खोटी ते सांगू शकतो.

आपल्याकडच्या याद्यांत नेमकं हेच राहून जातं. स्वच्छतागृहांचं घ्या. २०१६मध्ये पुण्यात जुन्या बसगाड्यांतून स्त्रियांसाठी 'ती' स्वच्छतागृहं उभी राहिली आणि त्यांचं देशभर कौतुक झालं. महापालिकेची शेकडो स्वच्छतागृहं नकाशांवर आहेत. पण बाजारात आलेल्या बाईला 'इथे स्वच्छतागृह आहे' एवढं कळून उपयोग नसतो. कुलूप लावलेलं नाही ना? आत पाणी आहे का? कडी लागते का? रात्री दिवा असतो का? या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं देता येतं, पुढची बाई ते तपासू शकते. त्याऐवजी नकाशावर तीन तारे किंवा 'ठीक आहे' असा शेरा असतो आणि त्यातून काहीच ठरवता येत नाही. यादी राखायची असेल तर मुळात प्रश्नच असे विचारायला हवेत की ज्यांचं उत्तर दाराशी उभं राहून देता येईल.

मुदत ठरवून दिली तर

काही याद्यांना कायद्यानेच मुदत घातली आहे. महाराष्ट्राच्या १९७५च्या नागरी वृक्ष संरक्षण कायद्यानुसार दर पाच वर्षांनी वृक्षगणना करावी लागते. पुण्याने गेल्या गणनेत झाडांची नोंद स्थानासह नकाशावर आणली. पण पाच वर्षांत पडलेली, तोडलेली, वाळवून मारलेली झाडं मधल्या काळात यादीत उभीच असतात. रोज त्या झाडाखालून जाणाऱ्या माणसाला ते गेल्याचं सांगण्याची सोय नसेल तर गणनेतली झाडं आणि रस्त्यावरची झाडं यांत अंतर पडत जातं.

बांधकाम प्रकल्पांचं नियमन करणाऱ्या महारेराने हाच प्रश्न जास्त काटेकोरपणे हाताळला. बांधकाम प्रकल्पाची माहिती विकासकाने दर तिमाहीला अद्ययावत करायची असते. २०२३मध्ये ही माहिती न भरणाऱ्या शेकडो प्रकल्पांची नोंदणी महारेराने स्थगित केली. माहिती शिळी ठेवण्याची किंमत नोंद करणाऱ्याला मोजावी लागली की ती ताजी राहते, हे त्यातून दिसलं.

हौशी यादीला दंड करता येत नाही, पण मुदत तिलाही घालता येते. रक्तदात्यांच्या याद्या याचं सोपं उदाहरण. पुरुषाला एकदा रक्त दिल्यावर पुढचे तीन महिने आणि स्त्रीला चार महिने पुन्हा देता येत नाही. म्हणजे दात्याच्या ओळीत शेवटच्या रक्तदानाची तारीख असली तर तो आज उपलब्ध आहे की नाही हे फोन न करताच कळतं. तरीही मंडळांच्या आणि सोसायट्यांच्या याद्यांत नाव, रक्तगट आणि नंबर एवढंच असतं. अपघाताच्या रात्री नातेवाईक एकामागून एक वीस फोन करतात. कोणी नोकरीसाठी बंगळुरूला गेलेला असतो, कोणी गेल्याच महिन्यात रक्त दिलेलं असतं. एक रकाना वाढवला असता तर ते वीस फोन पाचावर आले असते.

राखणारी माणसं

पद्धती कितीही चांगल्या असल्या तरी शेवटी कोणीतरी बसून काम करावं लागतं आणि माणसं थकतात. लोकनिर्मित याद्या बहुतेक वेळा दोन-तीन जणांच्या खांद्यावर असतात. त्यांची बदली झाली, लग्न झालं, घरात आजारपण आलं की यादी अनाथ होते. ती बंद पडल्याचं कोणी जाहीर करत नाही आणि लोक तिच्यावर विश्वास ठेवत राहतात.

या बाबतीत 'कोविड१९इंडिया' या उपक्रमाने घालून दिलेला पायंडा मला अनुकरणीय वाटतो. मार्च २०२०मध्ये स्वयंसेवकांनी तो सुरू केला. राज्यांची पत्रकं, अधिकाऱ्यांची निवेदनं गोळा करून दर दिवशी देशभरातले आकडे स्रोतासह मांडले जात. अनेक वृत्तपत्रं आणि संशोधक त्यावर विसंबून होते. काम पुढे चालवणं शक्य नाही असं दिसल्यावर त्यांनी ऑगस्ट २०२१मध्येच जाहीर केलं की ३१ ऑक्टोबर २०२१नंतर आकडे भरले जाणार नाहीत आणि तोवरची सगळी माहिती सर्वांसाठी खुली राहील. वापरणाऱ्यांना पर्याय शोधायला वेळ मिळाला. यादी राखण्याइतकंच ती नीट मिटवणंही जबाबदारीचं काम आहे.

यादीची मालकी कोणाची, हाही याला जोडलेला मुद्दा आहे. २००८मध्ये सुरू झालेल्या 'गुगल मॅप मेकर'वर भारतातल्या असंख्य लोकांनी आपापली गावं आणि रस्ते रंगवले. २०१५मध्ये खोडसाळ चित्रांमुळे ते काही काळ थांबवावं लागलं आणि २०१७मध्ये बंदच झालं. लोकांचं काम कंपनीच्या नकाशात राहिलं, पण ते एकत्र येऊन राखण्याची जागा गेली. मुक्त परवान्याच्या नकाशात निदान सगळी माहिती उचलून दुसरीकडे काम चालू ठेवता येतं.

छापील ज्ञानाच्या जगातही हेच कोडं होतं. लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईला उभ्या राहिलेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६मध्ये आला आणि विसावा २०१५मध्ये. शेवटचा खंड हाती येईपर्यंत पहिल्यातल्या कितीतरी नोंदींना चार दशकं झाली होती. विश्वकोश मंडळाने त्यानंतर विषयवार ज्ञानमंडळं नेमून नोंदी अद्ययावत करण्याचं काम विद्यापीठांतल्या आणि संस्थांतल्या जाणकारांकडे वाटून दिलं. एका केंद्रावरचा भार अनेक लहान, जबाबदार गटांत वाटणं हा त्यातला विचार आजच्या याद्यांनाही लागू पडतो.

पुण्यात काय करता येईल

वर आलेल्या अनुभवांतून पुण्यासाठी काही गोष्टी लगेच करता येतील असं मला वाटतं. कुठल्याही गटाने यादी पुढे पाठवताना प्रत्येक ओळीत खात्रीची तारीख आणि खात्री कशी केली ते लिहावं. 'फोन केला' आणि 'स्वतः पाहिलं' यांत फरक आहे. यादीच्या वरच्या बाजूला ती राखणाऱ्या गटाचं नाव आणि चूक कळवण्याची एकच सोपी जागा असावी. शहराची एकच मोठी यादी करण्याऐवजी पेठ, प्रभाग किंवा गाव असा लहान तुकडा घ्यावा. माणसाला पायी फिरून जेवढं पाहता येतं, तेवढंच तो टिकवू शकतो.

महापालिका, पीएमपीएमएल आणि मेट्रो यांनी आपली माहिती तारखेसह आणि संगणकाला वाचता येईल अशा रूपात खुली करावी, आणि नागरिकांनी दाखवलेली चूक मूळ नोंदीत सुधारावी. आज नागरिक चूक सांगतो तेव्हा तिची तक्रार होते. तक्रारीला क्रमांक मिळतो, ती निकाली निघते आणि मूळ यादी होती तशीच राहते. सरकारकडे अधिकृतता आहे, लोकांकडे डोळे आहेत. दोघांच्या याद्या एकमेकींना दुरुस्त करू लागल्या तर दोन्ही सुधारतील.

आणि हे काम करणारे हात पुण्यात तयार आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास सेवाकार्य करायचं असतं. शहरातल्या महाविद्यालयांनी त्यातले काही तास आपापल्या परिसरातली स्वच्छतागृहं, औषधांची दुकानं, अभ्यासिका आणि बसथांबे तपासण्यासाठी दिले आणि दर सत्रात तोच भाग नव्या तुकडीकडे सोपवला, तर माणसं बदलली तरी काम चालू राहील. त्या मुलामुलींना आपलं शहर पायाखालून कळेल, हा वेगळा लाभ.

यातलं काहीच खर्चिक नाही. अडतं ते एवढ्यावरच की यादी राखण्याला आपण काम मानत नाही. नवी यादी करणाऱ्याचं नाव होतं आणि जुनी तपासणाऱ्याची कोणी दखल घेत नाही. खरं तर चुकीची ओळ ज्याला सापडते त्याच्याजवळ त्या क्षणी सर्वात मोलाची माहिती असते, कारण ती चूक अजून दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसते. बहुतेक जण 'जाऊ दे' म्हणून पुढचा नंबर फिरवतात आणि तीच चूक पुढच्या प्रत्येकाच्या वाट्याला येते. थांबून दोन शब्द आणि आजची तारीख लिहायला एक मिनिट लागतं. तेवढं केलं तर त्यानंतर येणाऱ्या सगळ्यांचा वेळ वाचतो, आणि कधी एखाद्याचा जीवही.